पंचाले इचारलं का?

मी ताटात दुसऱ्यांदा भात घेतला की माझी बहीण हात आडवा करते आणि म्हणते, "थांब दादा! पंचाले इचारलं का?" आंघोळीला निघालो की आई तेच विचारते. गावातला न्हावी वस्तरा उचलण्याआधी तेच विचारतो आणि मग स्वतःच्याच विनोदावर एवढा हलतो, की मला माझ्या गालाची काळजी वाटते. मी व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. आघाडीला खेळतो, म्हणजे गोल मारण्याचा मला पगार मिळतो. अशा माणसाला गावात मान असायला हवा. मलाही आहे. फक्त तो असा आहे.

हे प्रकरण समजायचं तर आधी बांधी समजून घ्यायला हवी. आमचं गाव गडचिरोलीतल्या चामोर्शीकडचं, धानाचं. धानाचं शेत म्हणजे एक सलग रान नसतं. चौकोनी तुकडे असतात, त्यातल्या प्रत्येकाला बांधी म्हणायचं, आणि पाणी धरून ठेवायला तिच्या चारी बाजूंना गुडघाभर उंच मातीचा धुरा. दिवाळीनंतर धान कापलं की बांधी मोकळी होते. मोकळी बांधी हेच आमचं मैदान. ज्या बांधीत लाखोळीची डाळ पेरली असेल तिथे मात्र पाय ठेवायचा नाही. ठेवला तर मालक बैलांची काठी घेऊन यायचा आणि ती बैलांवर चालवायचा नाही.

बांधीतल्या फुटबॉलमध्ये चेंडू बाहेर जात नाही. तो धुऱ्यावर आपटतो, परत येतो आणि खेळ चालू राहतो. समोर कोणी आडवा आला तर त्याला चकवायची कला मला कोणी शिकवली नाही आणि तिची गरजही पडली नाही. चेंडू तिरपा धुऱ्यावर मारायचा, त्या माणसाला वळसा घालून पळायचं आणि परत आलेला चेंडू पलीकडे गाठायचा. धुऱ्यासारखा जोडीदार मी आजवर पाहिला नाही. रुसत नाही, 'मले काऊन नाई दिला' म्हणून भांडत नाही, दिलेला चेंडू इमानदारीने परत करतो. माझी बहीण तणसाच्या, म्हणजे धानाच्या काडाच्या, दोन पेंढ्यांमध्ये गोलकीपर म्हणून उभी असायची. तिला आम्ही पुढे खेळू द्यायचो नाही, म्हणून ती सूड म्हणून सगळं अडवायची. तिच्या हातून निसटलेला चेंडू धसकटांत घुटमळला की मी तो ढकलायचो. 'उष्टा गोल', ती म्हणायची. माझं सगळं फुटबॉल पुढे या उष्ट्यावरच पोसलं गेलं.

पुढच्या शाळेसाठी मला मामाकडे ऊर्जानगरला ठेवलं. मामा वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होता, राहायला क्वार्टर होतं आणि क्वार्टरसमोर खरं मैदान होतं. हिरवं, रेघा आखलेलं, गोलाच्या खांबांना जाळं लावलेलं. आमचं घराणं तलावात मासोळी धरणारं. जाळं कोरड्यावर टांगलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पहिला गोल झाला तेव्हा सगळे नाचत होते आणि मी जाळ्यात अडकलेला चेंडू, मासोळीचे कल्ले सांभाळून सोडवावी तसा हळूच सोडवत होतो. बाबा एकदा भेटायला आले, मैदान पाहिलं, जाळ्याच्या भोकात चार बोटं घालून बघितली आणि मामाला म्हणाले, "एवढ्या मोठ्या भोकात काय थांबणार हाय? फसवलं तुमाले."

"भाऊजी, यात चेंडू धरतेत," मामा म्हणाला.

"चेंडू खातेत का मंग?"

काही वर्षांनी मी खरंच त्या चेंडूवर खायला लागलो. कॉलनीच्या संघातून जिल्ह्याच्या संघात गेलो, तिथून कोणाच्या तरी शिफारशीने पश्चिम किनाऱ्यावरच्या एका क्लबच्या निवड चाचणीला. मामाने स्टेशनवर सोडताना पाठीवर थाप मारली. "नाई जमलं तं वापस ये. पट्ट्यावर जागा हाय, कंत्राटदाराले सांगून ठेवतो." मामाच्या आशीर्वादात नेहमी थोडा कोळसा असतो.

चाचणीत मी जे केलं ते त्या क्लबात अजून नव्या पोरांना सांगतात. कडेने चेंडू घेऊन निघालो. समोर बचावाचा एक ताडमाड खेळाडू आडवा आला. मी काही विचार केला नाही. लहानपणापासून करत आलो तेच केलं, चेंडू तिरपा बाजूच्या रेघेकडे मारला, त्या ताडमाडाला वळसा घातला, पलीकडे पोचलो आणि चेंडूची वाट पाहत उभा राहिलो. चेंडू रेघ ओलांडून, पळायच्या पट्टीवरून, पाणी देणाऱ्या माणसाच्या बादलीला लागून थांबला.

कोच केरळचा होता. सगळ्यांशी त्याच्या स्वतःच्या हिंदीत बोलायचा. तो माझ्याजवळ आला आणि चेंडू गेला त्या दिशेला बघत राहिला.

"उधर कौन है तेरा?"

"कोई नहीं सर."

"फिर किसको दिया? दीवार है उधर?"

"यहाँ नहीं है सर," मी म्हणालो. "गाँव में है."

माझ्या मते मी त्याच वेळी परतीच्या गाडीला लागायला हवं होतं. पण कोचने मला उरलेला अर्धा तास ठेवलं. त्यात दुसऱ्या कोणाचा फटका गोलकीपरच्या हातातून सुटला आणि मी तो ढकलला. पुन्हा एकदा तसंच झालं. बाकीची पोरं फटका मारून डोक्याला हात लावून उभी राहत होती. मला ते सुचतच नव्हतं, कारण बांधीत फटका मारून कोणी उभं राहत नाही, चेंडू परत येणार असतोच. कोच म्हणाला, "ये लड़का पागल है. सोचता है बॉल हमेशा वापस आएगा. रख लो."

पहिले दोन हंगाम बरे गेले. बरे म्हणजे मी उष्ट्यावर जगलो. दुसऱ्याने जोरात मारायचं, गोलकीपरने उडी घेऊन अर्धवट अडवायचं, टाळ्या त्या दोघांना, आणि गोल माझा. इकडच्या एका पेपरात माझ्याबद्दल चार ओळी आल्या. त्यात 'संधीसाधू आघाडीवीर' असं लिहिलं होतं. बाबांनी ते कात्रण मामाला दाखवून विचारलं, याच्यावर केस करता येते का. मामाने समजावलं की खेळात ही स्तुती असते. तरी बाबांनी ते कात्रण दुसऱ्या कोणाला दाखवलं नाही.

तिसऱ्या हंगामात पेनल्टी आली.

आमच्या क्लबात पेनल्टी मारणारा ठरलेला होता. त्या दिवशी तो पाय मुरगळून बाकावर होता. कोच कोणाचं नाव घ्यावं म्हणून बघत असताना मी चेंडू उचलून ठेवलासुद्धा. इथे एक गोष्ट सांगायला हवी. हंगामाच्या सुरुवातीला आम्हाला नियमांचा वर्ग असतो. एक निवृत्त पंच येऊन पडद्यावर चित्रं दाखवतात. तो वर्ग नेहमी दुपारच्या जेवणानंतर. भात खाल्लेल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या धानाच्या मुलखातल्या, माणसासमोर तुम्ही पंखा लावून, अंधार करून नियम सांगितले तर त्यातलं त्याला काय कळणार? मला त्या वर्गातली खुर्ची आठवते. चांगली होती.

तर मी पेनल्टी मारली. गोलकीपर एका बाजूला पडला, चेंडू दुसऱ्या बाजूला गेला, खांबावर आपटला आणि थेट माझ्याकडे परत आला. धुऱ्यावरून यायचा तसाच. मी पुढे झालो आणि रिकाम्या गोलात तो इतक्या जोरात हाणला, की जाळं मागच्या जाहिरातीच्या फळीला लागलं. मग मी पळालो. कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत पळालो. अंगातली जर्सी काढली, डोक्याभोवती गरगर फिरवली आणि प्रेक्षकांत भिरकावली. जन्मात पहिल्यांदाच मी ताजा गोल मारला होता, उष्टा नव्हे.

मागे वळलो तर माझ्या मागे कोणीच नव्हतं. माझा संघ कमरेवर हात ठेवून उभा होता. पंच दुसऱ्या संघाला फ्री किक देत होता.

नियम असा आहे, आणि तो मला आता झोपेतही येतो: पेनल्टीचा चेंडू नुसता खांबाला लागून परत आला तर मारणाऱ्याने त्याला पुन्हा पाय लावायचा नाही. आधी दुसऱ्या कोणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. चालू खेळात मात्र ही अट नाही. बांधीत असं काही नाही. धुरा परत देतो ते तुमचं. पंच माझ्यासमोर आला आणि जर्सी काढल्याबद्दल पिवळं कार्ड दाखवलं. गोल खोटा, पण कार्ड खरं. बरं, जर्सी ज्याच्या हातात पडली तो प्रेक्षक ती द्यायला तयार होईना. आमचा सामानवाला कठड्यावरून त्याच्या विनवण्या करत होता आणि मी बनियनवर, हजारो लोकांसमोर, गिऱ्हाईक नसलेल्या दुकानदारासारखा उभा होतो. सामना आम्ही हरलो.

इकडे गावात काय झालं ते मला रात्री फोनवर कळलं. आमच्या गावात मोबाइलवर सामना बघायचा तर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढावं लागतं, तिथेच नेटवर्क येतं. बहीण सुट्टीला आलेली होती, ती पाळीवर उभी. तिला खांब दिसला, मी दिसलो, जाळं हललेलं दिसलं, जर्सी उडालेली दिसली, आणि चित्र थांबून चाक फिरू लागलं. तिने लगेच बाबांना फोन लावला. बाबा चामोर्शीच्या आठवडी बाजारात मासोळी घेऊन बसले होते.

"बाबा! दादानं गोल मारला! कपडे काढून पळून राह्यला!"

बाबा टोपलीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरानं गोल मारला. आज घ्या, सगळं फुकट." झिंगे, मरळ, वाळलेली बारीक मासोळी, सगळं. बाया पिशव्या घेऊन धावल्या. ज्यांना मासोळी चालत नाही त्यांनी शेजारणीसाठी नेली. टोपली रिकामी झाली आणि चाक फिरायचं थांबून बहिणीचा दुसरा फोन आला.

बाबा तिला एवढंच म्हणाले, "पयले पंचाले इचारून घ्यायचं ना बाई."

चूक माझी होती, फोन तिचा होता, पण हे वाक्य तिने शिताफीने माझ्या अंगावर ढकललं आणि आठवडाभरात गावाचं करून टाकलं. गावातलं कोणी लग्नाचं विचारायला गेलं तरी लोक म्हणू लागले, पंचाले इचारलं का.

हसण्यावारी नेलं असतं. पण मैदानात ते वाक्य माझ्या पायात शिरलं. गोलकीपरच्या हातातून चेंडू सुटायचा, माझ्यासमोर यायचा, आणि पाय क्षणभर विचारात पडायचा: चालेल ना? तेवढ्यात बचावाचा माणूस येऊन चेंडू उडवून द्यायचा. बाकीच्यांकडे वेग होता, उंची होती, डावा पाय होता. माझ्याकडे फक्त परत आलेल्या चेंडूवर न विचारता धावणं होतं. तेवढंच गेलं. सामन्यामागून सामना कोरडा गेला. एकदा रिकाम्या गोलासमोरून मी चेंडू थेट त्याच बादलीवाल्याकडे मारला. त्यानेही ओळख दिली. कोचने मला बोलावून सरळ सांगितलं, "सीज़न खतम होने से पहले गोल नहीं, तो अगले साल का कॉन्ट्रैक्ट नहीं." वर माझ्या मांडीचा स्नायू दुखावला आणि काही आठवड्यांसाठी मला घरी पाठवलं गेलं.

मामा बातमी ऐकून मोटारसायकलवर गावाला आला, हातात संत्र्यांची पिशवी. "जागा हाय अजून," तो म्हणाला. यावेळी मी हसलो नाही. पट्ट्यावर काम करणं कमीपणाचं नव्हतं, मामाचं अख्खं घर त्यावर उभं होतं. पण मला गोलच मारायचे होते.

मांडी बरी व्हायला लागली तसं बहिणीने मला बांधीत नेलं. ती गडचिरोलीला नर्सिंग शिकते, त्यामुळे माझ्या मांडीवर स्वतःचा हक्क समजते. धान निघून गेलं होतं, धसकटं पायाला टोचत होती. तिने तणसाच्या दोन पेंढ्या ठेवल्या आणि मध्ये उभी राहिली. मी मारला, तिने अडवला. चेंडू तिच्या हातातून धुऱ्याकडे गेला, आपटून माझ्यापुढे आला. मी थांबलो.

"काय पाहून राह्यला?" ती ओरडली. "मी काय पंच हाओ?"

"पाह्यत नाई, मांडी दुखते."

"मांडी नाई दुखत. तू इचारून राह्यला. पयले तू येड्यावानी धावायचा. माह्या तोंडावर चेंडू मारायचा, सॉरीबी नाई म्हणायचा."

"तवा लहान होतो."

"तवा बरा होता!"

मग तिने एक उपाय काढला. मी थांबलो की ती पायाजवळचं ढेकूळ उचलून मारायची. नर्सिंगमध्ये हे शिकवत नसावेत. धुऱ्यावर बसून बाबा जाळं विणत बघत होते. मी सल्ला विचारला तर म्हणाले, "मले त्यातलं कायी समजत नाई. पण तिचा नेम चांगला हाय. तिलेच काऊन नाई घेत तुमच्या क्लबात?" ढेकळांचे वळ पाठीवर घेऊन मी क्लबला परतलो. मसाज करणाऱ्याने विचारलं, घरी काय झालं. मी म्हणालो, उपचार.

तरी गोल झाला नाही. पुढचे सामनेही तसेच गेले आणि हंगामाचा शेवटचा सामना उरला. दुपारचा होता आणि नेमका चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी. बहिणीने सकाळीच कळवलं की ती पाळीवर आहे, बाजारातल्या बाया बाबांना 'भाऊ, आज पोरगा गोल मारणार हाय का' असं विचारून राहिल्यात आणि बाबा कोणाला कबूल करून नाही राहिले.

कोचने मला बाकावर बसवलं. सामना शून्यावर होता. शेवट जवळ आला तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता हाताने खूण केली. मी आत गेलो. थोड्याच वेळात डावीकडून चेंडू आला, मी तो जेमतेम आवरला आणि मारला. गोलकीपर चकला होता. चेंडू खांबावर आपटला. पेनल्टीच्या दिवशीचाच आवाज, आणि परत यायची वाटही तीच. मला आठवतं की माझ्या पाठीला आपोआप ढेकळाची भीती वाटली. पाय पुढे गेला होता. चेंडू जाळ्यात होता.

मी पळालो नाही. जर्सीचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि जागेवर उभा राहिलो. संघातली पोरं अंगावर पडायला लागली तर मी त्यांनाच ओरडत होतो, "रुको रे, रुको!" त्यांच्यातून वाट काढत पंचाकडे गेलो. तो मधल्या वर्तुळाकडे बोट दाखवत उभा होता, म्हणजे उत्तर समोर होतं. तरी विचारलं.

"सर, चलेगा?"

त्याने मला नीट बघितलं. त्या दिवशीचा तोच पंच होता की काय कोण जाणे, मी बनियनवर असताना चेहरे लक्षात ठेवले नव्हते.

"चलेगा," तो म्हणाला. "जर्सी मत निकालना."

सामन्यानंतर कोच बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "एक साल और. लेकिन नियम का क्लास में आगे बैठेगा." मी हो म्हणालो. त्याला कुठे सांगू, की पुढच्या रांगेतल्या खुर्च्याही तशाच चांगल्या आहेत. मामाला फोन केला. त्याने आधी गोल कसा झाला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "बरं झालं. ती जागा तशीबी भरली होती, तुले सांगितलं नव्हतं."

घरी फोन लावला तर बाबांचा आवाज वैतागलेला. बहिणीने गोल होताच त्यांना कळवलं होतं, "बाबा, गोल!"

"पंचाले इचारलं का?" बाबा.

"दादानं सोताच जाऊन इचारलं!"

तरीही बाबांनी विश्वास ठेवला नाही. सामना संपल्याची शिट्टी वाजल्यावर पुन्हा फोन कर म्हणाले. शिट्टी वाजेपर्यंत टोपली विकून संपली, रोजच्या भावाने. मग त्यांनी बाजारात जाहीर केलं की पोराने गोल मारला, खरा, पंचाला विचारून. बायांनी त्यांना घेरलं.

"एक म्हातारी माह्या अंगावर धावली," बाबा फोनवर सांगत होते. "म्हणे, मांगच्या बारी खोटा गोल मारला तं मासोळी फुकट, अन् आता खरा मारला तं पैसे? हा कोणता न्याय भाऊ?"

"मंग तुमी काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पोराले सांगतो म्हटलं."

"मले काय सांगणार?"

"अधूनमधून खोटाबी मारत जाय."